तुरीचा भाव आणि झोप: लातूरच्या एका डाळमिलचं प्रकरण

तुरीचा एक दाणा दाताखाली धरायचा. कट्‌ असा आवाज आला तर माल वाळलेला, दाणा दबला तर ओल आहे. अण्णांना हे वडिलांनी शिकवलं होतं आणि तीस वर्षं ते त्या एका दाण्यावर लाखोंचे सौदे करत आले. फेब्रुवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात याच माणसाने २४० क्विंटल तूर दाणा तोंडात न टाकताच घेतली. माल वाळवणाच्या ओट्यावर पसरला तेव्हा कळलं, ओल सोळा टक्के. हमीभावाच्या खरेदीत बारा टक्क्यांच्या वर ओल चालत नाही, व्यापारीही साधारण तिथेच थांबतो. सोळाची बारा होईपर्यंत २४० क्विंटलचे २२९ उरले. अकरा क्विंटल पाणी अण्णांनी क्विंटलला दहा हजारांच्या भावाने विकत घेतलं होतं.

मी लातुरात सीए आहे. अण्णांच्या मिलचे हिशेब माझ्याकडे असतात. हे प्रकरण त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या, संमतीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि काही आकडे थोडे बदलले आहेत. लिहायचं कारण एवढंच की आमच्याकडे व्यापाऱ्याचा थकवा कुणी मोजत नाही. तो मोजता येतो. वहीत दिसतो. मला तो सहा महिने आधी दिसत होता आणि मी त्याला दुसरंच नाव देत होते.

धंद्याची घडी

डाळमिल हा रोखीने घेऊन उधारीने विकण्याचा धंदा आहे. पोटलीत, म्हणजे बाजारातल्या सौद्यात, भाव निघाला की आडत्याला आठवड्याच्या आत पैसे मोजायचे, कारण पुढे शेतकरी उभा असतो. मग तूर चाळायची, खरडायची, तेल-पाणी लावून उन्हात टाकायची, भरडायची, पॉलिश करायची. शंभर किलो तुरीतून सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ निघते, बाकी चुरी, चुनी आणि टरफल. तयार डाळ घाऊक किराणा व्यापाऱ्याकडे जाते आणि तिथून पैसे महिन्याने, दीड महिन्याने, कधी अडीच महिन्याने येतात. मधली दरी बँकेच्या सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, खात्यावर निघते.

२०२३ च्या सुरुवातीला तूर सात हजारांच्या आसपास होती. अण्णांचा दीड हजार क्विंटलचा साठा तेव्हा एक कोटी पाच-दहा लाखांत बसायचा आणि बँकेची मर्यादा होती एक कोटी वीस लाख. उन्हाळ्यानंतर तुरीने दहा हजार ओलांडले. पोती तेवढीच, मजूर तेवढेच, पण तोच साठा दीड कोटींचा झाला. बँकेने मर्यादा वाढवायला वेळ लावला. अण्णांनी ४० लाख बाजारातून दोन टक्क्यांनी उचलले, म्हणजे महिन्याला ८० हजार नुसतं व्याज.

त्यातच २ जून २०२३ ला केंद्र सरकारने तूर आणि उडदावर साठामर्यादा लावली. मिलला मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वर्षाच्या क्षमतेचा पाव हिस्सा, यांतलं जे जास्त असेल तेवढाच माल ठेवता येणार. सप्टेंबरच्या शेवटी तीच मर्यादा एका महिन्याचं उत्पादन किंवा क्षमतेच्या दहा टक्क्यांवर आली. साठ्याची माहिती पोर्टलवर वरचेवर भरावी लागे. महागाईच्या वर्षात सरकारला हे करावं लागतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मिलमध्ये ते भरणारा माणूस एकच होता. भाव ठरवणारा तोच, पासवर्ड ठाऊक असणारा तोच, हमालांच्या मुकादमाशी बोलणारा तोच, बँकेत सही करणारा तोच.

अण्णा कच्चे नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात त्यांनी मजुरांना पगार देत मिल चालू ठेवली होती. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. वडिलांबरोबर डाळीची पोती घेऊन त्या गावांत गेलेले. आमच्या भागात सोसणं हा मोठा गुण मानला जातो आणि तो गुण आहेच. मात्र त्यामुळे माणूस कुठवर आलाय हे शेजारच्यालाही कळत नाही, हेही मी या प्रकरणात पाहिलं.

वहीत काय दिसत होतं

सर्वांत आधी साठापत्रक लांबलं. दर महिन्याच्या दहा तारखेला बँकेत जाणारं पत्रक जुलैत पंधराला गेलं, ऑगस्टमध्ये चोवीसला, आणि सप्टेंबरचं गेलंच नाही. हे साधं प्रकरण नव्हे. तीन महिन्यांपेक्षा जुन्या पत्रकावर उचल चालू राहिली तर खातं अनियमित धरलं जातं आणि ती अनियमितता सलग ९० दिवस राहिली की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. अण्णांना हे माझ्याइतकंच पाठ होतं.

मग खरेदीच्या पट्ट्या, म्हणजे आडत्याकडून येणारी बिलं. मुनीमकाका रोज संध्याकाळी पट्ट्या मागायचे आणि अण्णा म्हणायचे, ठेवल्यात खणात, उद्या देतो. दिवाळीच्या हिशेबाला मी गेले तेव्हा काकांनी तो खण माझ्यासमोर उघडला. दोनशेच्या वर पट्ट्या, बँकेची तीन पाकिटं न फोडलेली, विम्याच्या नूतनीकरणाची सूचना, आणि वहिनींनी दिलेली रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी. ती जूनमधली होती. गोळ्या आणल्याच नव्हत्या.

तिसरी गोष्ट वहीत नव्हती, पण मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक होती. अण्णा हमालांवर ओरडायला लागले होते. ज्या मुकादमाला ते लहानपणापासून मामा म्हणतात, त्यांना ट्रकवाल्यांसमोर चोर म्हणाले. शेतकरी लबाड, गिऱ्हाईक बुडवे, बँकवाले हरामखोर, अशी भाषा तोंडात बसली. पूर्वी एखादा शेतकरी मिलवर आला तर त्याला चहा पाजल्याशिवाय ते सोडत नसत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत या अवस्थेला, बर्नआउटला, जागा आहे. रोग म्हणून नव्हे, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. हा शब्द या अर्थाने १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसतज्ज्ञाने वापरात आणला. वर्गीकरणात तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि काम पूर्वीसारखं न जमणं. अण्णांची झोप रात्री तीन तासांवर आली होती, जिभेवर कडवटपणा होता, आणि दाण्याची ओल त्यांना कळेनाशी झाली होती. तिन्ही खुणा माझ्यासमोर होत्या. मला मात्र दिसला तो एक बेशिस्त झालेला अशील.

वेळअमावस्या, ११ जानेवारी २०२४

लातूर-धाराशिव भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडे अख्खं गाव शेतात जातं. कडब्याची कोप करून पांडवांची पूजा होते, मग भज्जी, उंडे, आंबील, तिळाच्या पोळ्या. लातूर शहरात त्या दिवशी रस्ते ओस पडतात. व्यापारी, डॉक्टर, रिक्षावाले, सगळे कुणाच्या ना कुणाच्या शेतावर असतात. ज्याला शेत नाही त्याला बोलावणं असतं.

त्या दिवशी अण्णा मिलमध्ये एकटे होते. विदर्भातून एक ट्रक येणार होता. घरचे पुढे गेले, मी मागून येतो म्हणाले. दुपारी दोनला वहिनींनी फोन केला तर उचलला नाही. धाकटा मुलगा मोटारसायकलवर मिलवर आला, तेव्हा अण्णा वजनकाट्याजवळ खाली बसलेले होते. ट्रक येऊन उभा होता, चालक झोपलेला, आणि अण्णांना काट्याची पावती फाडायची की आधी ताडपत्री सोडायची, हे ठरवता येत नव्हतं. मुलाला म्हणाले, “काय करावं सुधरंना गेलंय रे.”

दवाखान्यात नेलं. हृदयाचा आलेख ठीक निघाला, रक्तदाब १७० वर ११०. गोळ्या सुरू झाल्या आणि विश्रांती घ्या असं सांगितलं गेलं.

मग घरच्यांनी त्यांना चार दिवस महाबळेश्वरला पाठवलं. नातेवाइकांचा सल्ला होता, हवापालट होईल. वहिनी सांगतात, पहिल्या दिवशी साठ फोन आले. वेण्णा तलावाच्या काठावर उभं राहून ते अकोल्याचा आणि इंदूरचा भाव विचारत होते. मागे मिलमध्ये चार दिवस एकही सौदा झाला नाही, कारण सौदा करायचा अधिकार कुणालाच नव्हता. परतले तेव्हा चार दिवसांचं काम साचलेलं आणि त्याच आठवड्यात भाव हललेला. म्हणून मी कुणाही मिलवाल्याला नुसतं “चार दिवस फिरून या” म्हणत नाही. ज्या धंद्यात मालक गेला की दार बंद, त्या धंद्यात सुट्टी म्हणजे पुढच्या आठवड्याचं कर्ज.

यानंतरची चूक माझी. ओल्या तुरीचा सौदा झाल्यावर अण्णा स्वतः माझ्या ऑफिसात आले. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “ताई, झोपच येईना गेलीय. मिल भाड्याने देऊन टाकावी का?” मी कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाले, “अण्णा, मार्च होऊ द्या, एप्रिलमध्ये निवांत बसू.” मला माझा मार्च दिसत होता. जो माणूस कधी कुणाकडे काही मागत नाही, तो मागायला आला होता आणि मी त्याला सात आठवड्यांनंतरची तारीख दिली. ते “बरं” म्हणून उठले. हे मला अजून लागतं.

एप्रिल

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुनीमकाकांचा रात्री फोन आला. अण्णा त्यांना म्हणाले होते, एखाद्या दिवशी ट्रक अंगावर आला तर सगळेच सुटतील. काका विचारत होते, हे रागात बोललेत की काय समजायचं?

मी आणि वहिनी त्याच रात्री मिलवर गेलो. वहिनींनी विचारलं नसतं, म्हणून मी सरळ विचारलं, “अण्णा, मरून जावंसं वाटतंय का?” असं विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो ही समजूत चुकीची आहे, विचारल्याने माणूस मोकळा होतो. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ठरवलेलं काही नाही ताई. पण सकाळ होऊच नये वाटतंय.”

तिथूनच आम्ही १४४१६ लावला. केंद्र सरकारची ही टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलते. अण्णा अर्धा तास बोलले. मी आणि वहिनी बाहेर पोत्यांवर बसून होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सांगितलं ते मी इथे मुद्दाम लिहिते: कामाचा थकवा आणि नैराश्य हे दिसायला भाऊ-भाऊ असले तरी वेगळे आहेत. थकवा काम बदललं की ओसरतो, नैराश्य कामाच्या बाहेरही माणसाला सोडत नाही आणि त्याला उपचार लागतात. अण्णांना आता दोन्ही होतं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, मध्येच सोडायच्या नाहीत, असंही ते म्हणाले. आठव्या दिवशी अण्णा त्या सोडायला निघाले होते. वहिनींनी गोळ्यांचा डबा स्वतःकडे घेतला.

डॉक्टरांचं काम डॉक्टरांनी केलं. धंद्याचं दुखणं मात्र आमच्याकडेच परत आलं, कारण ज्या कामाने हे झालं ते काम तसंच उभं होतं.

सात दिवसांची वही

मी मुनीमकाकांना एक वही दिली. सात दिवस अण्णांपर्यंत जी जी गोष्ट विचारायला येईल, ती एका ओळीत लिहायची. कोणता ट्रक आधी खाली करायचा. बारदाना कुठून आणायचा. हमालीच्या दोन रुपयांचा वाद. डाळीचं पोतं तीस किलोचं भरायचं की पन्नासचं. मोटार जळली, कुणाला बोलवू. आठवडाअखेर वहीत पावणेदोनशे ओळी भरल्या. आम्ही चौघांनी एकेक ओळ वाचली आणि अण्णांना विचारलं, हे तुमच्याशिवाय होणारच नाही का? वीस-बावीस ओळी उरल्या. बाकी सगळ्या त्यांच्याकडे येत होत्या, कारण तीस वर्षं तशाच येत होत्या.

अण्णा त्या वहीकडे पाहून खूश झाले नाहीत. दुखावले. आपल्यावाचून अडत नाही हे ऐकणं सोपं नसतं, त्यातून ज्याने धंद्यालाच स्वतःचं अंग मानलंय त्याला. हा भाग आम्ही घाईने उरकला नाही. दोन-तीन संध्याकाळी गेल्या.

मग गोष्टी बदलल्या. अण्णांनी रोज रात्री दुसऱ्या दिवसाच्या भावाची वरची आणि खालची रेघ आखून द्यायची, त्या दोन रेघांच्या आत पन्नास क्विंटलपर्यंत काकांनी न विचारता घ्यायचं. ओल मोजायचं यंत्र आलं. अण्णांच्या दाताखाली जे होतं ते आता काट्याजवळच्या पोरालाही वाचता येतं. काकांचं वय एकसष्ट, तेव्हा त्यांचा ओझं वाहून बळी जायला नको म्हणून त्यांच्याच भाच्याला संगणकावर बसवलं. पोर्टल, साठापत्रक, रिटर्न त्याच्याकडे.

सगळ्यात मोठा बदल वहिनींचा. त्या बी.कॉम. आहेत आणि कागदोपत्री अकरा वर्षं भागीदार. या अकरा वर्षांत त्यांनी फक्त कोऱ्या चेकवर सह्या केल्या होत्या. पहिल्यांदा उधारीची यादी पाहिली तेव्हा म्हणाल्या, “एवढे पैसे लोकांकडे असताना आपण व्याजाने काढले?” अण्णांना जुन्या गिऱ्हाइकाकडे पैसे मागायची लाज वाटायची, वडिलांच्या वेळचे संबंध. वहिनींना ती लाज नव्हती. दर मंगळवारी त्या यादी घेऊन फोनला बसतात, गोड बोलतात आणि तारीख घेतल्याशिवाय फोन ठेवत नाहीत.

मी त्यांच्या हातात कायदा दिला. मिल उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योग आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर व्याज चढतं. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यात अशी तरतूद आली की सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा मिळत नाही. आम्ही बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदतीची एक ओळ छापली. कुणावर खटला भरला नाही. खरेदीदाराच्या सीएने ती ओळ वाचली की पुरतं. एक मोठं गिऱ्हाईक मात्र सत्तर दिवसांच्या खाली यायला तयार नव्हतं. त्याला माल देणं थांबवलं.

माल कमी झाला तर मिल रिकामी राहील, ही अण्णांची भीती खरी होती. त्यावर त्यांनीच तोड काढली, आणि त्या दिवशी मला जुने अण्णा परत दिसले. दुसऱ्यांची तूर मजुरीवर भरडून द्यायची. त्यात नफा थोडा, पण भांडवल दुसऱ्याचं आणि भावाची जोखीमही दुसऱ्याची. रात्री इंदूरचा भाव पडला तर झोप त्या माणसाची जाते.

फोन दोन झाले. धंद्याचा फोन रात्री आठला मिलच्या खणात जातो, त्याच खणात जिथे पट्ट्या साचल्या होत्या. आग, अपघात किंवा पोलीस, एवढ्या तीन कारणांसाठी घरी फोन करायची रखवालदाराला मुभा. संध्याकाळी अण्णा आणि वहिनी सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत चालत जातात. सकाळी फिरा असं डॉक्टर म्हणाले होते, पण सकाळी भाव येतात आणि तेवढं अण्णांना सोडवत नाही. आम्ही हट्ट धरला नाही.

२१ जून २०२४ ला सरकारने तूर आणि हरभऱ्यावर पुन्हा साठामर्यादा लावली, ३० सप्टेंबरपर्यंत. वर्षापूर्वी याच बातमीने अण्णांची झोप उडवली होती. या वेळी भाच्याने पोर्टल भरलं, साठा आधीच कमी होता, आणि बातमी आली तेव्हा अण्णा जेवत होते. उन्हाळ्यात भाव चढलेला असताना साठा कमी करून आणि उधारी वसूल करून आलेल्या पैशांतून बाजारातलं कर्ज फेडत गेलो. दिवाळीपर्यंत ४० लाख संपले.

किंमतही लिहिते. उलाढाल पाव हिश्शाने घटली. दुसरी पाळी बंद झाली आणि दोन हमालांचं काम गेलं. त्यांना दुसऱ्या मिलवर लावून दिलं, पण मजुरी तेवढी नाही. ऑगस्टमध्ये अण्णांना पुन्हा पंधरा दिवस वाईट गेले, डॉक्टरांनी औषध बदललं. आणि वहिनी आता घर सांभाळून उधारी सांभाळतात. मी त्यांना दर महिन्याला विचारते, वहिनी, तुमची झोप कशी आहे? दोनदा त्या हसल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, स्वयंपाकाला बाई लावली.

३० डिसेंबर २०२४ ला वेळअमावस्या होती. अण्णांनी मला शेतावर बोलावलं होतं. मिलला कुलूप, किल्ली मुनीमकाकांच्या खिशात, आणि काका आमच्याच पंगतीत भज्जीत भाकरी चुरत बसलेले. मुकादम मामाही आले होते. जेवण झाल्यावर अण्णा उठून बांधावर गेले, तुरीची एक वाळलेली शेंग फोडली आणि दाणा दाताखाली धरला. थोडा वेळ चावत उभे राहिले, मग मामांकडे वळून म्हणाले, “अजून आठ दिवस लागतील.”